शेवटचा तास

बेसबॉल या खेळाविषयी लिहिण्याचा आम्हांला कोणताही अधिकार नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. आम्ही दोघे, नवरा-बायको, मराठीचे प्राध्यापक. एका तालुक्याच्या गावी, एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात बरीच वर्षे शिकवतो आहोत. त्यामुळे घरी आणि विभागात आमचे 'आम्ही' एकच असते आणि भांडणेही बहुधा तीच असतात. मैदानाशी आमचा संबंध वार्षिक क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनाला खुर्चीवर बसण्यापुरता. तरीही गेली काही वर्षे अमेरिकेतल्या एका महाविद्यालयीन बेसबॉल-प्रशिक्षकाचा आम्ही जितका विचार केला, तितका एखाद्या कादंबरीकाराचाही केला नसेल. त्याने केव्हा पायउतार व्हायला हवे होते, हा त्या विचाराचा विषय. तो विषय आम्हांला का सोडत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

२०१९च्या उन्हाळ्यात उत्तरपत्रिका तपासण्याचे काम उरकून आम्ही टॅलाहासीला गेलो. फ्लोरिडा राज्याची ही राजधानी. आमच्यातल्या एकीचा धाकटा भाऊ तेथे नोकरीला आहे. शहर चढउतारांचे, ओकच्या जुन्या वृक्षांनी झाकलेले; फांद्यांवरून करड्या शेवाळासारख्या जटा लोंबत असतात. भावाच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहत. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी एकाच विषयावर बोलत : फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा बेसबॉल संघ आणि त्याचे प्रशिक्षक माइक मार्टिन. आम्हां नवख्यांना त्यांनी पहिल्याच दिवशी दोन परस्परविरोधी गोष्टी सांगितल्या. एक, असा माणूस पुन्हा होणे नाही. दोन, या माणसाने दहा वर्षांपूर्वीच घरी बसायला हवे होते. दोन्ही वाक्यांत सारखीच कळकळ होती.

मार्टिन तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे होते. याच विद्यापीठाकडून ते विद्यार्थिदशेत खेळले, १९७५ साली साहाय्यक म्हणून परतले आणि १९८० साली मुख्य प्रशिक्षक झाले. तेव्हापासून चाळीस हंगाम. दर हंगामात किमान चाळीस विजय, आणि दर वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश. एकूण विजय २,०२९. महाविद्यालयीन बेसबॉलच्या वरच्या श्रेणीत आजही इतके विजय दुसऱ्या कोणाच्या नावावर नाहीत. ज्या मैदानावर त्यांनी हे सारे केले, त्याला त्यांच्या हयातीतच, ते तेथे काम करत असतानाच, त्यांचे नाव दिले गेले. रोज सकाळी आपल्याच नावाच्या पाटीखालून कामावर जाणाऱ्या माणसाला 'आता पुरे' हे कोण सांगणार?

या श्रेणीची अंतिम स्पर्धा १९५०पासून नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा या शहरी भरते. राष्ट्रीय स्पर्धेत चौसष्ट संघ असतात, त्यांतले आठ ओमाहाला पोहोचतात. मार्टिन यांनी आपला संघ सतरा वेळा तेथे नेला आणि सतराही वेळा ते विजेतेपदाशिवाय परतले. १९८६ साली अंतिम सामन्यात ॲरिझोनाने १०-२ असे हरवले. १९९९ साली मायामीने ६-५ असे, एका धावेने. दरसाल वारी करावी आणि दर वेळी कळसाचे दर्शन घेऊन परतावे, गाभारा कधी दिसूच नये, तसे हे झाले. कळस पाहिला तरी वारी घडते, असे आपल्याकडे मानतात. पण विद्यापीठाच्या चाहत्यांना एवढे समाधान पुरत नाही. मार्टिन यांनी जावे, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे साधे होते : चाळीस वर्षांत जमले नाही ते एकेचाळिसाव्या वर्षी कसे जमेल? आणि राहावे म्हणणाऱ्यांचेही तितकेच साधे : दर वर्षी दाराशी नेऊन उभा करणारा दुसरा माणूस दाखवा.

आमच्या मनात मात्र दुसरीच एक गोष्ट घर करून राहिली. बेसबॉलमध्ये प्रशिक्षकही खेळाडूंचाच गणवेश घालतो. फुटबॉलचा प्रशिक्षक कोट घालील, बास्केटबॉलचा टाय लावील. बेसबॉलचा मात्र टोपी, पट्टा, पाठीवरचा आकडा यांसह पोरांसारखा दिसतो. मार्टिन यांचा आकडा अकरा. भावाच्या घरी दूरदर्शनच्या पडद्यावर आम्ही त्यांना प्रथम पाहिले, तेव्हा विशी-एकविशीच्या मुलांच्या रांगेत त्यांच्याच वेषातले एक आजोबा उभे होते. क्षणभर हसू आले. मग हसू थांबले, कारण त्या चित्रात आपला सगळा पेशाच उभा आहे, हे लक्षात आले.

शिक्षकाचे वय ही एक विचित्र गोष्ट आहे. इतर माणसे आपल्या बरोबरीच्यांबरोबर म्हातारी होतात. बरोबरचा कारकून पिकला, शेजारी वाकला, की आपणही त्या वाटेवर आहोत हे कळते. शिक्षकासमोरचा वर्ग कधी पिकत नाही. दर जूनमध्ये पहिल्या बाकावर तीच विशी येऊन बसते. पंचवीस वर्षे तोच आरसा पाहावा आणि त्यातला चेहरा कधी बदलू नये, असे झाल्यावर माणसाला आपले वय कळावे तरी कसे? व्यावसायिक खेळाच्या प्रशिक्षकाला निदान आपल्याबरोबर पाच-दहा वर्षे काढलेला, आता धावताना दमणारा एखादा खेळाडू दिसतो. महाविद्यालयात दमलेला कोणी शिल्लकच राहत नाही. दमण्यापूर्वी ते सगळे पदवी घेऊन निघून जातात.

पण हीच गोष्ट मुलांच्या बाजूने पाहिली, की प्रश्न करकरीत होतो. चार वर्षांच्या विद्यापीठात गेलेला खेळाडू सर्वसाधारणपणे तीन वर्षांनी, किंवा एकवीस वर्षांचा झाल्यावर, व्यावसायिक संघांच्या निवडीला पात्र ठरतो. म्हणजे गुणी मुलाच्या वाट्याला येथे तीनच हंगाम. प्रशिक्षकाच्या चाळीस हंगामांत एखादा वाया गेला तर हिशेबात चाळिसावा भाग बुडतो. मुलाचा तिसरा हिस्सा बुडतो. शिवाय तेथल्या प्रशिक्षकाचे निम्मे काम मैदानाबाहेरचे असते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या घरी जायचे, आईबापांसमोर बसायचे आणि 'तुमचा मुलगा माझ्या स्वाधीन करा' असे सांगायचे. त्या काळच्या नियमाप्रमाणे एका संघाला ११.७ शिष्यवृत्त्या मिळत, आणि त्या फार तर सत्तावीस मुलांत वाटता येत. म्हणजे पूर्ण शिष्यवृत्ती क्वचितच कोणाला. बहुतेकांना कोणाला पाव, कोणाला अर्धी. पैसा असा तुटपुंजा असताना आईबाप माणूस पाहूनच मुलगा धाडतात. मग ते साहजिकच विचारणार : तुम्ही स्वतः किती वर्षे आहात? पंचाहत्तरीच्या माणसाने या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर काय द्यावे?

आपल्याकडे हा प्रश्न सरकार सोडवते. साठावे वर्ष पुरे झाले, की त्या महिन्याच्या अखेरीस शाल, श्रीफळ आणि भाषणे. अमेरिकेत १९९४पासून विद्यापीठाच्या कायम अध्यापकांनाही सक्तीचे निवृत्तिवय उरलेले नाही. वयाकडे बोट दाखवता येत नाही म्हटल्यावर कामाकडे दाखवावे लागते, आणि काम मोजण्याचे तेथले माप म्हणजे जयापजयाचे आकडे. म्हणून आम्हीही थोडे आकडे पाहिले.

मार्टिन यांच्याआधी या श्रेणीतला विजयांचा उच्चांक ऑगी गॅरिडो यांच्या नावावर होता : १,९७५. त्यांच्याकडे विजेतेपदेही पाच होती. तीन फुलर्टनच्या कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठासाठी, १९७९, १९८४ आणि १९९५ साली, आणि दोन टेक्साससाठी, २००२ आणि २००५ साली. असा माणूस केव्हा थांबावा, हे ठरवणे सोपे असायला हवे. पण २०१२ आणि २०१३ साली त्यांच्या टेक्सासला राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेशच मिळाला नाही. तेव्हाच गेले असते तर, असे म्हणावे, तर २०१४ साली हेच गॅरिडो आपला संघ पुन्हा ओमाहाला घेऊन गेले. आणि म्हणून राहू दिले म्हणावे, तर २०१६ साली २५ विजय, ३२ पराभव, आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी प्रशिक्षकपद सोडून विद्यापीठातच सल्लागारासारखे दुसरे पद. तीन निरनिराळी वर्षे, आणि तीन निरनिराळी उत्तरे. आकडे खोटे बोलत नाहीत हे खरे. पण ज्या वर्षी विचारावे त्या वर्षापुरतेच ते बोलतात.

व्यावसायिक बेसबॉलमध्ये याहून टोकाचे एक उदाहरण आहे. कॉनी मॅक हे गृहस्थ १९०१ पासून १९५० पर्यंत, सलग पन्नास हंगाम, फिलाडेल्फियाच्या संघाचे व्यवस्थापक होते. तेही गणवेश न घालता, कोट-टायमध्ये. त्यांचे पाचवे आणि शेवटचे विश्वविजेतेपद १९३० सालचे. म्हणजे त्यानंतर ते आणखी वीस वर्षे राहिले आणि सत्त्याऐंशीव्या वर्षी उतरले. त्यांना कोणी उतरवले का नाही, याचे उत्तर अगदी सोपे आहे : संघाच्या मालकीत त्यांचाच वाटा होता. मॅक यांचे ३,७३१ विजय हा एक विक्रम आहे, आणि ३,९४८ पराभव हा दुसरा. हे दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवले, की एक गोष्ट दिसते. ज्याला हटवणारे कोणी नाही, त्याच्यावर थांबण्याचा निर्णय एकट्याने घेण्याची वेळ येते. आणि तो निर्णय एकट्याने घेणे माणसाला फार अवघड जाते.

मार्टिन यांच्याबाबतीत जे घडले, ते मात्र आम्हांला शिकण्यासारखे वाटले. मे २०१८मध्ये, गॅरिडो यांच्या निधनानंतर दोन महिन्यांच्या आतच, त्यांनी गॅरिडो यांचा उच्चांक मागे टाकला. त्यानंतर महिन्याभरात त्यांचा संघ घरच्या मैदानावर, पहिल्याच फेरीत, लागोपाठ दोन सामने हरून बाहेर पडला. विक्रम आणि फजिती, दोन्ही एकाच मोसमात. जायचे तर जाता आले असते, आणि घालवायचे तर घालवताही आले असते. त्यांनी जूनमध्ये जाहीर केले : आणखी एक हंगाम, २०१९चा, आणि तो शेवटचा.

एक हंगाम आधी सांगून जाणे, एवढेच हे. पण त्याने चित्र बदलले. पोस्टमनकाका सांगत, की वर्षभर लोक निराळ्याच नजरेने मैदानावर जात होते. मार्च २०१९मध्ये दोन हजारावा विजय झाला; इतका पल्ला महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये कोणीच गाठलेला नव्हता. मग संघ ढेपाळला. राष्ट्रीय स्पर्धेच्या चौसष्ट संघांत फ्लोरिडा स्टेटचे नाव अगदी शेवटच्या काही नावांत कसेबसे बसले. दर वर्षीची ती चाळीस विजयांची चाळिशी गाठायलाही जून उजाडावा लागला. आणि त्या शेपटाकडच्या संघाने जॉर्जियात जाऊन जॉर्जियाला हरवले, लुइझियानात जाऊन लुइझियाना स्टेटला दोनदा हरवले. दुसरा सामना बारा डाव चालला. नियमाने नऊ डावांचा खेळ. बरोबरी फुटेना म्हणून बारा. आम्हांला त्यातले अर्धे कळत नव्हते. पण ५-४ असा तो संपला तेव्हा भावाच्या दिवाणखान्यात शेजारचे पोस्टमनकाका उभे होते, आणि दहा वर्षांपूर्वीच घरी बसायला हवे होते असे ज्याच्याविषयी ते रोज सांगत, त्या माणसासाठी त्यांचे डोळे वाहत होते.

सतराव्यांदा ओमाहा. कॉलेज सुरू व्हायचे म्हणून आम्ही परतलो होतो. पहिला सामना आर्कान्सासशी, १-० असा जिंकला. दुसरा मिशिगनकडून हरला. १९ जून २०१९ रोजी टेक्सास टेकने ४-१ असे हरवले आणि चाळीस वर्षे संपली. आम्हांला ते कळले २० जूनच्या सकाळी, स्टाफरूममध्ये, भावाच्या निरोपातून. प्रवेशाचे अर्ज तपासता तपासता आम्ही तो एकमेकांना दाखवला. विजेतेपद नाहीच. तरी आमच्यातल्या एकाच्या तोंडून 'छान झालं' असे निघाले, आणि का निघाले ते त्याला सांगता येईना.

आता सरांविषयी.

सर आम्हां दोघांचेही गुरू. एम.ए.ला त्यांनी आम्हांला प्राचीन वाङ्मय शिकवले. पुढे त्यांच्याच विभागात आम्ही लागलो. २०१२ साली ते नियमानुसार निवृत्त झाले. भाषणे झाली, शाल झाली, आणि पुढच्या सोमवारी अकराच्या ठोक्याला सर वर्गात हजर. विभागात जागा भरलेली नव्हती; प्राचार्य म्हणाले, सर येतात तर येऊ देत. आठवड्याला दोन तास, विनामोबदला. महाविद्यालयाचे पैसे वाचले, सरांचा वेळ गेला, आम्हांला 'महानुभाव' शिकवावे लागले नाही. सर्वांचीच सोय. म्हणून सात वर्षे कोणी काही विचारले नाही.

ज्याची गैरसोय झाली, तो विचारण्याच्या जागेवर नव्हता. सेट उत्तीर्ण झालेला आमचाच एक विद्यार्थी तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत मोटारसायकलवरून फिरत होता. तास मोजून पैसे. सरांचे ते दोन तास आठवड्याला त्याच्या पदरात पडले असते. एकदा त्याने आम्हांला विचारले, अगदी हळू आवाजात, की प्राचीनचा पेपर पुढच्या वर्षीही सरच घेणार का. आम्ही म्हणालो, "सरांना कसं सांगायचं रे?" तो म्हणाला, "खरंय." आणि निघून गेला. पुढे आमच्या या उत्तराची लाज वाटण्याचे पुष्कळ प्रसंग आले.

टॅलाहासीहून परतलो त्या वर्षी सरांचे काहीतरी बिनसले होते. एकच प्रकरण त्यांनी लागोपाठ तीन तास शिकवले. हजेरी घेताना आदल्या वर्षीची नावे पुकारली; मुलांनी गंमत म्हणून 'हजर' म्हटले. ही गंमत आम्हांला कळली, तेव्हा आमच्या पोटात खड्डा पडला. सर सदुसष्ट वर्षांचे होते. वय काही फार नव्हते. शिवाय अधूनमधून एखाद्या तासाला असे काही बोलत, की दाराबाहेरून जाणारे आम्ही पाय थांबवून उभे राहत असू. आज तीन वेळा तेच, आणि उद्या जन्मात न ऐकलेले. गॅरिडोंच्या त्या तीन वर्षांसारखेच. कोणत्या दिवसावरून निकाल द्यायचा?

जुलैत मुलांची लेखी तक्रार आली. प्राचार्यांनी आम्हांला बोलावून सांगितले, "तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतील ते." आम्ही 'हो' म्हणालो. त्यानंतरच्या पाच महिन्यांत आम्ही सरांच्या घरी चार वेळा गेलो, चार वेळा चहा घेतला आणि चार वेळा परत आलो. एकदा आमच्यातली एक बोलायला सुरुवातही करणार होती. तेवढ्यात सरांनी टेबलावरची वही उघडून नव्या टिपणे दाखवली. निवृत्त माणूस आठवड्याच्या दोन तासांसाठी नवी टिपणे काढतो, हे पाहिल्यावर जीभ उचलेना.

मग आम्ही ते केले, ज्यासाठी हा लेख लिहावा लागतो आहे. जानेवारी २०२०मध्ये दुसऱ्या सत्राचे वेळापत्रक तयार करण्याचे काम आमच्याकडेच होते. त्यात आम्ही प्राचीनच्या पेपरापुढे त्या तासिका तत्त्वावरच्या मुलाचे नाव लिहिले आणि कागद फलकावर लावला. सरांना कळवले नाही. सोमवारी अकरा वाजता सर आले. फलकासमोर थांबले. चष्मा पुसून पुन्हा वाचले. आम्ही स्टाफरूमच्या खिडकीतून पाहत होतो. ते वर्गाकडे वळले नाहीत, स्टाफरूममध्येही आले नाहीत. जसे आले तसे फाटकातून बाहेर गेले. पुन्हा कधी आले नाहीत, आणि आम्हांला त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. मार्चमध्ये करोनाने सगळ्यांचेच वर्ग बंद पडले. त्या बंदीत आमची ती गोष्ट झाकली गेली, असे आम्हांला तेव्हा वाटले.

निर्णय चुकला, असे आजही वाटत नाही. मुलांना नीट शिकवणारा शिक्षक मिळायला हवा होता. त्या तरुणाला तास मिळायला हवे होते. आणि दोन्ही मिळाले. पायउतार व्हावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर सरांच्या बाबतीत 'व्हावे' हेच होते. चूक पुढच्या प्रश्नात झाली : हे उत्तर त्यांच्यापर्यंत कोणी आणि कसे पोहोचवायचे? आपल्याकडे मोठ्या माणसाला सांगायचे नसते, त्याने ओळखायचे असते, असा एक संकेत आहे. त्या संकेताला आपण आदर म्हणतो. पण ज्याचा आरसाच कधी म्हातारा होत नाही, त्याने ओळखावे कशावरून? त्याला ओळखायला लावणारे आपणच, आणि आपण गप्प. मग ही गप्पगिरी असह्य झाली, की आपण मागच्या दाराने वेळापत्रक बदलतो. आमच्या आदराने आणि आमच्या भित्रेपणाने त्या वर्षी एकच काम केले, आणि दोन्हींची सही एकसारखी होती.

मार्टिन यांच्या बाबतीत सगळे गोड झाले, असेही नाही. त्यांच्यामागे संघ त्यांच्या मुलाकडे गेला. दोन दशकांहून अधिक काळ वडिलांचा साहाय्यक राहिलेला हा मुलगा. त्याचा पहिला हंगाम करोनामुळे सतरा सामन्यांत आटोपला, आणि तिसऱ्या हंगामानंतर, २०२२ साली, त्याला दूर करण्यात आले. चाळीस वर्षांच्या वडाखाली दुसरे काही रुजणे कठीणच, मग ते घरचे रोप असले तरी. नंतर आले लिंक जॅरेट, मार्टिन यांच्याच हाताखाली खेळलेले. त्यांच्या पहिल्या वर्षी, २०२३ साली, विजयांपेक्षा पराभव अधिक झाले आणि राष्ट्रीय स्पर्धेची दशकानुदशकांची अखंड हजेरी तुटली. दीर्घकाळ एकाच माणसावर उभ्या राहिलेल्या घराला त्याची किंमत अशी उशिरा मोजावी लागते.

१ फेब्रुवारी २०२४ रोजी मार्टिन गेले. शेवटची वर्षे त्यांना लुई बॉडी डिमेन्शिया होता. या आजारात स्मृती आणि भान दोन्ही हळूहळू सुटत जातात. ही बातमी भावाने कळवली. त्या आजाराचे नाव वाचून २०१९च्या हंगामाकडे मागे वळून 'तेव्हाच काही असेल का' असे पाहण्याचा मोह होतो. पण तसे पाहणे त्या माणसावर अन्याय करणारे आहे, आणि त्या मोहाला आम्ही बळी पडणार नाही. आम्हांला त्या बातमीने दुसरीकडेच वळवले. त्या संध्याकाळी आम्ही सरांच्या घरी गेलो.

सर बाहात्तर वर्षांचे. दार त्यांनीच उघडले. ओळखले; आमच्यातल्या एकीला मात्र तिच्या माहेरच्या आडनावाने हाक मारली. एम.ए.च्या हजेरीपटावर तेच होते. काकूंनी चहा टाकला. आम्ही या वेळी कप हातात घेण्याआधीच बोललो. वेळापत्रक आम्ही बदलले होते, प्राचार्यांनी सांगायला सांगितले होते, आम्हांला धीर झाला नाही, असे सगळे. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, तुम्ही सांगितलं असतं तर मी थांबलोच असतो. मला काय कळत नव्हतं का? पोरं हसायची, ते दिसायचं मला."

थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "फक्त शेवटचा तास कोणता, ते कळायला हवं होतं."

आम्हांला त्याचा अर्थ लगेच लागला. सर वर्ष संपवायचे ते चक्रधरांच्या उत्तरापंथे जाण्याने. लीळाचरित्राचा तो भाग ते वर्षभर राखून ठेवत आणि अगदी शेवटच्या तासाला शिकवत. त्या तासाला पुस्तक उघडत नसत. चक्रधर निघून जातात आणि मागे राहिलेल्या भक्तमंडळींचे काय होते, एवढेच सांगत. आमच्या वर्षी तो तास झाला तेव्हा घंटा होऊनही कोणी उठले नव्हते. निघून जाणाऱ्याविषयीचा तो तास त्यांनी तीसेक वर्षे शिकवला होता. त्यांच्या स्वतःच्या वर्षी तो आलाच नाही. कारण आम्ही त्यांना जानेवारीतच थांबवले.

मार्टिन यांना जे मिळाले ते हेच होते, असे आता आम्हांला वाटते. विजेतेपद त्यांना मिळाले नाही. पण हा शेवटचा हंगाम आहे हे त्यांना ठाऊक होते, मुलांना ठाऊक होते, शेजारच्या पोस्टमनकाकांना ठाऊक होते. ते ठाऊक असल्यामुळे त्या वर्षीच्या मुलांनाही आपण कशात सामील आहोत ते कळले, आणि हरल्यावर काय करायचे तेही. म्हाताऱ्या प्रशिक्षकाने जावे का? बहुधा जावेच, आणि लोकांना वाटते त्यापेक्षा थोडे आधीच. पण त्याने जावे असे ज्यांना वाटते, त्यांनी ते त्याच्या तोंडावर सांगावे आणि त्याला एक वर्ष द्यावे. निदान एक सत्र. निदान एक तास. त्या वर्षाने संघाचे काही नुकसान झालेच, तर ते सोसावे. पुढे कधीतरी प्रत्येकाचीच ती पाळी आहे.

त्या वर्षी जूनमध्ये, मार्टिन गेल्यानंतर चार महिन्यांनी, फ्लोरिडा स्टेटचा संघ पुन्हा ओमाहाला पोहोचला. विजेतेपद याही वेळी नाही. आम्ही सरांना ते सांगितले. बेसबॉल म्हणजे काय हे त्यांना समजावताना आमची त्रेधा उडाली. चारच्या चार तळांपर्यंत पोहोचता पोहोचता आम्हीच चुकलो. त्यांनी मात्र नीट ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्या म्हाताऱ्याच्या जागी आता कोण शिकवतो?" त्यांचाच विद्यार्थी, असे आम्ही सांगितले. त्यावर त्यांनी विचारले, की आपल्याकडे प्राचीन कोण घेतो. आम्ही त्या तरुणाचे नाव घेतले. तो अजून तासिका तत्त्वावरच आहे. सर म्हणाले, "त्याला माझ्याकडे पाठवा. शेवटचा तास कसा घ्यायचा, ते सांगायचंय."

तो गेला. दोन तासांनी परत आला. काय झाले ते आम्ही विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. पण त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये प्राचीनच्या वर्गाबाहेर मुलांच्या चपला घंटा होऊन गेल्यावरही बराच वेळ तशाच पडून होत्या.

आम्हांला अजून वर्षे आहेत, असे आम्ही समजतो. तरीही अलीकडे घरी एक करार केला आहे. आमच्यापैकी जो आधी ओळखेल, त्याने दुसऱ्याला सांगायचे. चहाच्या आधी सांगायचे. आणि दुसऱ्याने त्याला त्या दिवशी भांडायचे नाही. या तिसऱ्या कलमावर अजून एकमत झालेले नाही.